घसा आणि कागद

२०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही, तेव्हा गावातले तिघे जण माझ्या ओट्यावर येऊन बसले. त्या वर्षी विदर्भ-मराठवाड्यात बियाणं वांझ निघाल्याच्या तक्रारी जिकडंतिकडं होत्या, दुबार पेरणीनं माणसं टेकीस आली होती. त्यातला एक म्हणाला, "बापू, तूच तं सांगत होता, हेच बियानं न्या म्हनून."

मी त्या बियाण्याचं पोतंसुद्धा पाहिलं नव्हतं. आवाज मात्र माझाच होता. दोन वर्षांआधी एका कृषी केंद्रासाठी आठशे रुपयांत केलेली जाहिरात कुणीतरी कापली, बियाण्याच्या नावापुरता दुसऱ्याचा आवाज चिकटवला आणि ऑटोच्या भोंग्यावर गावोगाव फिरवली. माझ्याजवळ ना कागद, ना पावती. भांडणार कशाच्या जोरावर?

खरं तर कागदाशिवाय बोलायची खोड जुनी. रिसोड तालुक्यातल्या आमच्या गावात सप्त्याचा माईक माझ्याच हाती असायचा. लग्नात आहेर पुकारणं, शाळेच्या गॅदरिंगचं निवेदन, सगळं फुकट. बाबा म्हणायचे, "बोलन्याचे पैसे कोन देईन रे तुले?" मलाही ते पटायचं. आवाज देवानं दिला, त्याचं काय मोल घ्यायचं!

पुढे अकोला आकाशवाणीत नैमित्तिक उद्घोषकाच्या स्वरचाचणीला गेलो आणि पहिल्या खेपेला पडलो. आपल्याकडे डोळ्याचा डोया होतो, केळीची केयी होते. मी माईकसमोर शेतीविषयक मजकूर वाचला तो असाच. वर्षभर रोज पेपर मोठ्यानं वाचला, तेव्हा 'ळ' जिभेवर बसला. पण निवड झाली म्हणजे नोकरी लागली, असं समजू नका. महिन्याला फार तर सहा ड्युट्या मिळतात आणि तेवढ्यावर घर चालत नाही. म्हणून जाहिराती. विविध भारतीवर जाहिराती वाजू लागल्या त्या १९६७ साली, मुंबई-पुणे-नागपूरपासून. म्हणजे धंदा अर्ध्या शतकाहून जुना आहे. आमच्या भागात जाहिरात पोचली, करार तेवढा पोचायचा राहिला.

घशाची गोष्ट त्या बियाण्याच्या भानगडीच्या आदल्या वर्षीची. ऑक्टोबर २०१९, विधानसभेची निवडणूक. सकाळी एका पक्षाच्या गाडीत, दुपारी त्याच्या विरोधकाच्या (पोटाला पक्ष नसतो), रात्री रेकॉर्डिंग. आठव्या दिवशी घसा धरला. लवंग चघळत राहिलो. लवंगेनं घसा बधिर होतो, बरा होत नाही. दुखणं कळेना म्हणून मी आणखी ओरडलो. निकाल लागला त्या दिवशी माझ्या तोंडून नुसती हवा येत होती. तरी महिनाभर खडीसाखर आणि ज्येष्ठमधावर काढला. शेवटी अकोल्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, तर दोन्ही स्वरतंतूंवर गाठी. त्यांनी बोलणं बंद करायला सांगितलं. मी कुजबुजायला लागलो, तर तेही बंद केलं. कुजबुजताना घशावर ताण पडतोच. मग वाचा-उपचाराच्या बैठका. शस्त्रक्रिया टळली. दिवाळीनंतरचा लग्नसराईचा हंगाम मात्र पाटीवर लिहून बोलण्यात गेला.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्या पोरापोरींचे हल्ली फोन येतात. सगळे माईक कोणता घ्यावा ते विचारतात. मी आधी विचारतो, घसा किती दिवसांपासून बसलाय? तीन आठवडे झाले असतील तर माईकचे पैसे डॉक्टरकडे न्या. दुसरं विचारतो, आपली वऱ्हाडी विसरला तर नाहीस? प्रमाण भाषा शिकावीच, पण बियाण्या-खताच्या जाहिरातीला 'मले-तुले' बोलणारा माणूस लागतो आणि तो मुंबईच्या स्टुडिओत सहज सापडत नाही. ज्या बोलीनं मला पहिल्यांदा पाडलं, तिच्यावरच आज माझं अर्धं घर चालतं.

आणि कागद. आता तर आवाज कापायचीही गरज उरली नाही, यंत्र हुबेहूब नक्कल करतं. गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा नकलांना मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये अंतरिम आदेशानं अटकाव केला. आठशे रुपयेवाल्यानं हायकोर्ट कुठं गाठावं? म्हणून मी रेकॉर्डिंगच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी पाठवतो: जाहिरात कोणत्या मालाची, कुठं वाजणार, किती महिने, आणि या आवाजावरून यंत्राकडून नवा आवाज करायचा नाही. समोरच्याचं 'मान्य' आल्याशिवाय माईक चालू करत नाही. काही गिऱ्हाइकं यानं तुटली. तुटू द्या.

गिऱ्हाइकानं नमुना मागितला तर अख्खी जाहिरात वाचून पाठवू नका. दोन ओळी वाचा आणि मधेच आपलं नाव घ्या, म्हणजे तो नमुना कुणाला फुकट वाजवता येणार नाही. ओट्यावर आलेल्या त्या तिघांपैकी एक जण अजून माझ्याशी बोलत नाही.