चित्र वाचताना : पिसारो यांची ‘फुललेली फळबाग, लूव्हसिएन’

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• दृक्‌प्रत्ययवादी निसर्गचित्राची ठळक वैशिष्ट्ये सांगता येतील;
• कलावंताचे चरित्र आणि कलाकृतीचा अर्थ यांतील संबंध तपासता येईल.

१. प्रास्ताविक
विद्यार्थिमित्रहो, कवीचे आयुष्य ठाऊक असले की कविता अधिक चांगली कळते, असे आपण सहज म्हणतो. हे विधान कितपत खरे आहे, हे पाहण्यासाठी येथे कवितेऐवजी एक चित्र घेतले आहे. चित्रात शब्द नसतात. त्यामुळे आपण कलाकृतीत काय पाहिले आणि बाहेरून काय आणले, हा फरक अधिक स्पष्ट होतो.

२. चित्रात काय दिसते?
कामीय पिसारो (१८३०-१९०३) यांनी हे तैलचित्र १८७२ मध्ये रंगवले. सुमारे ४५ सेंमी उंच व ५५ सेंमी रुंद असलेले हे चित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. पॅरिसच्या पश्चिमेकडील लूव्हसिएन गावातील ही फळबाग. नांगरलेली तपकिरी जमीन, पांढऱ्या फुलोऱ्याची झाडे, कामात गुंतलेली दोन माणसे आणि वर फिकट निळे आकाश, एवढेच चित्रात आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘वसंत’ म्हणताच आपल्या मनात आम्रमोहर, कोकीळ आणि चैत्राचे ऊन येते. हा वसंत मात्र कडक हिवाळ्यानंतरचा आहे. पालवी दाट होण्यापूर्वी, फांद्यांची रचना अजून दिसत असतानाच झाडे फुलली आहेत.

३. रंगवण्याची रीत
पिसारो यांनी एकेक फूल रेखलेले नाही. कुंचल्याचे छोटे, सुटे फटकारे दुरून पाहताना फुलोरा होतात. वस्तूपेक्षा तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा त्या क्षणीचा प्रत्यय महत्त्वाचा, ही दृक्‌प्रत्ययवादाची भूमिका आहे. धातूच्या नळीत भरलेले तयार रंग १८४१ नंतर उपलब्ध झाल्याने उघड्यावर चित्र रंगवणे सोपे झाले होते. फुलोरा थोडेच दिवस टिकतो. अशा विषयाला ही जलद रीत अनुकूल होती.

या चित्रकारांचे पहिले प्रदर्शन १८७४ मध्ये पॅरिसला भरले. १८८६ पर्यंत भरलेल्या आठही प्रदर्शनांत सहभागी झालेले पिसारो हे एकमेव चित्रकार होत.

४. चरित्रातील एक प्रसंग
१८७० मध्ये फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. पिसारो कुटुंबासह लूव्हसिएन सोडून अखेरीस लंडनला गेले. त्यांचे घर प्रशियन सैन्याने ताब्यात घेतले आणि तेथे ठेवलेली त्यांची अनेक वर्षांची बहुसंख्य चित्रे नष्ट झाली. १८७१ मध्ये ते परतले. पुढच्या वर्षी हे चित्र तयार झाले.

५. विवेचन
आता ‘विनाशानंतर फुललेली आशा’ असा अर्थ लावण्याचा मोह होतो. परंतु चित्रात मोडलेले झाड नाही, पडके घर नाही, सैनिकही नाही. शिवाय शेते आणि बागा हा पिसारो यांचा युद्धापूर्वीपासूनचा विषय होता. १८६० च्या दशकातच त्यांनी पोंत्वाज परिसर रंगवला होता. म्हणून युद्धामुळेच हा विषय सुचला, असे म्हणता येत नाही.

मग ही माहिती निरुपयोगी आहे का? तसेही नाही. ती आपले लक्ष जमिनीकडे वळवते. फुलोऱ्याच्या मोहात नांगरट सहज नजरेआड झाली असती. आता लक्षात येते की, चित्राचा मोठा भाग मातीला दिला आहे आणि त्यातील माणसे फुलोऱ्याची प्रेक्षक नाहीत. ती काम करीत आहेत. हा वसंत उत्सवाचा नसून मशागतीचा आहे. हे विधान मात्र चित्रातूनच सिद्ध होते. चरित्राने केवळ तेथवर नेले.

यावरून एक कसोटी मिळते : चरित्र प्रश्न सुचवू शकते, उत्तराचा पुरावा कलाकृतीतच शोधावा लागतो. कवितेचे रसग्रहण लिहिताना हीच कसोटी लावावी. जे विधान कवितेतील एकाही शब्दावर उभे राहत नाही, ते कवीविषयीचे विधान असते, कवितेविषयीचे नव्हे.

स्वाध्याय
१. दृक्‌प्रत्ययवादी चित्रणाची दोन वैशिष्ट्ये या चित्राच्या आधारे स्पष्ट करा.
२. आपल्या अभ्यासक्रमातील एक कविता निवडा. कवीचे चरित्र न वाचता तिच्यावर दहा ओळी लिहा; नंतर चरित्र वाचून पुन्हा लिहा. दुसऱ्या लेखनातील कोणत्या विधानांना कवितेत आधार सापडतो, ते अधोरेखित करा.