घरी आलेल्या ऑफिसचा हिशेब

पिंपरी-चिंचवडमधल्या रावेतच्या एका हाताला आयटीचं हिंजवडी, दुसऱ्या हाताला कारखान्यांचं चाकण. आमच्या एकाच जिन्यात पहाटे कंपनीची बस पकडायला निघणारे आहेत आणि दहाच्या ठोक्याला डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडणारेही आहेत. सोसायटीची हिशेबाची वही माझ्याकडे असते. मार्च 2020 पासून या दोन्ही प्रकारच्या घरांचा खर्च जवळून पाहिला. इकडे घर घेऊ पाहणाऱ्यांना त्यातलं थोडं सांगावंसं वाटतं.

1. कामाच्या खोलीची किंमत काढा.
घरून काम म्हटलं की पेट्रोल वाचलं एवढंच आपण बोलतो. जरा कागद-पेन घेऊन बसा. कामासाठी म्हणून शंभर चौरस फुटांची जादा खोली घेतली आणि भाव फुटाला 7,000 रुपये धरला, तर सात लाख झाले. साडेआठ टक्क्यांनी त्याचं नुसतं व्याज महिन्याला पाच हजारांच्या आसपास जातं. वर वीज. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतो. 100 युनिटांची हद्द ओलांडली की पुढचं युनिट बरंच महाग पडतं आणि 300 नंतर आणखी महाग. एप्रिल-मेमध्ये दिवसभर एसी आणि दोन स्क्रीन चालल्या की बिल कुठल्या कुठे जातं. इन्व्हर्टरची बॅटरी, इंटरनेटची दुसरी लाइन, पाठ धरणार नाही अशी खुर्ची, हे सगळं पूर्वी कंपनीच्या खर्चात पडायचं, आता आपल्या. आमच्या मजल्यावरच्या एकीनं हा हिशेब मांडून पगाराच्या बोलणीत समोर ठेवला, तेव्हा तिला इंटरनेटचा भत्ता मिळाला. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

2. फ्लॅट बघायला जाल तेव्हा टँकरची बिलं मागा.
पवना धरणातून सोडलेलं पाणी शहरासाठी आमच्याच रावेतच्या बंधाऱ्यावरून उचललं जातं. तरी नोव्हेंबर 2019 पासून शहरात पाणी दिवसाआड येतं. सकाळी नऊला निम्मी इमारत ओस पडायची तेव्हा टाकी पुरायची. माणसं दिवसभर घरी राहिली की संडास, स्वयंपाक, धुणंभांडी, सगळ्याचं पाणी वाढतं आणि टँकरचा आकडा मेंटेनन्समध्ये उतरतो. ब्रोकर बाल्कनीतून दिसणारा एक्सप्रेसवे दाखवेल. तुम्ही सोसायटीच्या ऑफिसात बसून मागच्या उन्हाळ्याचं टँकरचं रजिस्टर बघा.

3. कंपनीचं धोरण बदलतं, कर्ज वीस वर्षांचं असतं.
सप्टेंबर ते डिसेंबर 2020 राज्यानं मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी उतरवलं, मार्च 2021 पर्यंत दोन टक्क्यांनी. रेपो दर चार टक्क्यांवर होता. ऑफिसला जायचंच नाही तर लांब पण मोठं घर घेऊ, असं त्या काळात पुष्कळांना वाटलं आणि ते स्वाभाविक होतं. पुढे मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो साडेसहावर गेला. पन्नास लाखांचं वीस वर्षांचं कर्ज पावणेसात टक्क्यांवरून सव्वानऊवर गेलं, तर हप्ता 38,000 वरून जवळजवळ 45,800 होतो. ऑक्टोबर 2023 पासून टीसीएसनं पाचही दिवस ऑफिस सुरू केलं. हप्ता वाढला आणि प्रवासही परत आला. म्हणून मी सांगते, रोज ऑफिसला जावं लागेल असं धरून जागा निवडा. घरून काम मिळालं तर ती वरकमाई.

4. भाडेकरू कुठं काम करतो ते पाहा.
टाळेबंदीत आयटीतली मुलं लातूर, नांदेड, जळगावला गेली आणि आमच्याकडचे फ्लॅट रिकामे झाले. चाकण-भोसरीच्या कारखान्यांतली कुटुंबं मात्र राहिली. प्रेसशॉप घरून चालत नाही. भाड्याच्या उत्पन्नावर भिस्त ठेवणाऱ्यानं दोन्हीकडचा भाडेकरू मिळेल अशी जागा घ्यावी; रावेतचं खरं बळ तेच आहे.

5. दुसरा फ्लॅट हाच एक मार्ग नाही.
साठ लाखांचा फ्लॅट महिना अठरा हजार भाड्यानं गेला तर वर्षाचे 2 लाख 16 हजार, म्हणजे 3.6 टक्के. त्यातून मेंटेनन्स, मिळकतकर, रंगकाम, ब्रोकर आणि रिकामे महिने वजा करा. दुसरा मार्ग रीटचा, म्हणजे भाड्यानं दिलेल्या इमारतींमधला हिस्सा शेअरसारखा युनिटांत विकणाऱ्या ट्रस्टचा. देशातला पहिला रीट, एम्बसी, 2019 मध्ये शेअर बाजारात आला. हिंजवडीतली ऑफिसं त्यात आहेत. 2021 पासून एक युनिटही घेता येतं आणि वाटपायोग्य रकमेतले किमान 90 टक्के वाटणं रीटला बंधनकारक आहे. ऑफिसं ओस पडली तर त्याचाही भाव पडतो, हे खरं. पण अडचणीत दहा हजारांचे युनिट विकता येतात, फ्लॅटचं स्वयंपाकघर तेवढं विकता येत नाही.

6. घरून कामामुळे बायकांचा पगार टिकतो, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा.
यावर फार कमी बोललं जातं, म्हणून मी बोलणार. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीत 1,612 जणांवर झालेला अभ्यास 2024 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्यावर नोकरी सोडण्याचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्यानं घटलं, बढत्यांवर परिणाम झाला नाही. घट ठळक होती ती स्त्रियांमध्ये आणि लांबून येणाऱ्यांमध्ये. आपल्याकडे 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्यानं 26 आठवड्यांच्या रजेनंतर परस्पर संमतीनं घरून काम करण्याची तरतूद आणली. आमच्या जिन्यातल्या दोघींनी ती वापरली. एकीचा नवरा चाकणला शिफ्टमध्ये, त्याच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला तेव्हा घराचा हप्ता तिच्या पगारातून गेला. तिच्याकडे वेगळी खोली नाही. बाळ झोपलं की ती गॅलरीत कॉल घेते. क्लबहाऊसमधली कॅरमची खोली दिवसा कामासाठी खुली करावी, तिथं इन्व्हर्टर आणि सामायिक इंटरनेट असावं, असा विषय मी येत्या सर्वसाधारण सभेच्या पत्रिकेवर घेतला आहे.