केशगळतीचे निदान आणि उपचार

केस गळू लागले म्हणजे घरात प्रथम तेल बदलले जाते, मग शाम्पू, मग शेजारणीने सुचविलेला लेप, आणि हे सर्व करून वर्ष-दीड वर्षाची मुदत उलटल्यावर डॉक्टरकडे तक्रार येते. तोवर जे केस वेळीच औषध मिळते तर टिकले असते, त्यांपैकी पुष्कळ हातचे गेलेले असतात. केशगळती हा एक आजार नसून अनेक आजारांचे एकच दृश्य लक्षण आहे, आणि ती कोणत्या जातीची आहे याची खातरजमा झाल्यावाचून एक पैसाही औषधावर खर्च करू नये, हे माझे वाचकांना कळकळीचे सांगणे आहे.

डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांतील प्रत्येक केस २ ते ६ वर्षे वाढतो, मग दोन-तीन महिने विसावतो आणि नव्या केसाला जागा देऊन गळतो, म्हणून दिवसाकाठी ५० ते १०० केस जाणे हा देहधर्मच होय. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा वजन घटविण्यासाठी केलेली उपासमार असा एखादा आघात शरीरावर झाला, तर वाढीच्या अवस्थेतील पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीत जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी, मूळ दुखण्याचा विसरही पडू लागलेला असताना, फणीत पुंजकेच्या पुंजके येऊ लागतात. तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन, रुमालात जपून आणलेले गळलेले केस दाखविणाऱ्या भगिनींना मी निःशंक मनाने सांगतो, की याने टक्कल पडत नाही. कारण दूर झाले असेल तर ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप आवरते. मात्र थायरॉइड आणि लोहाचा साठा दाखविणारे फेरिटिन अवश्य तपासून घ्यावे, कारण मासिक पाळीत अधिक रक्त जाणाऱ्या स्त्रियांत हिमोग्लोबिन ठीक असूनही हा साठा रिता झालेला आढळतो. केसांसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या या तपासणीपूर्वी डॉक्टरांना विचारून थांबवाव्यात. त्यांच्यामुळे थायरॉइडचा अहवाल चुकीचा येऊ शकतो.

दुसरी जात अनुवंशाची. पुरुषांत कपाळाचे कोपरे मागे सरतात व टाळू उघडी पडते. स्त्रियांत पुढची रेषा शाबूत राहून भांग रुंदावत जातो, आणि त्याच्या जोडीला पाळी अनियमित असेल वा हनुवटीवर राठ केस येत असतील तर अंडाशयाची तपासणी करावी लागते. पौगंडावस्थेपूर्वी वृषणे गमावलेल्या पुरुषांना असे टक्कल पडत नाही, हे अमेरिकेतील हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवून दिले, आणि पुरुषी संप्रेरकाचा या व्याधीशी असलेला संबंध प्रस्थापित झाला. त्या संप्रेरकापासून बनणारे एक तीव्र द्रव्य रोमकूपाला दर फेऱ्यात अधिकाधिक लहान करीत नेते.

या जातीवर दोन औषधे भरवशाची आहेत. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर व हातांवर केस वाढलेले दिसले, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते टाळूला लावण्यासाठी मंजूर झाले. पुरुषांनी ५ टक्क्यांचे द्रावण एक मिलिलिटर, सकाळ-संध्याकाळ, कोरड्या डोक्यावर केस बाजूला सारून थेट कातडीला लावावे, हात धुवावेत आणि चार तास डोके भिजवू नये; स्त्रियांसाठी प्रमाण निराळे असते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ते वापरू नये, आणि हृदयविकार असल्यास आधी विचारावे. पहिल्या दीड-दोन महिन्यांत गळती वाढल्यासारखी भासते, आणि नेमक्या त्याच वेळी पुष्कळ लोक बाटली टाकून देतात. वास्तविक ती नव्या केसांच्या आगमनाची खूण असते. गुण यावयास चार ते सहा महिने लागतात, आणि औषध सोडले तर मिळवलेले केसही काही महिन्यांत जातात.

फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी पुरुषांसाठी १९९७ पासून वापरात आहे. ती वरील द्रव्याची निर्मितीच रोखते. परंतु थोड्या पुरुषांत कामेच्छा घटते किंवा मनाला उदासी येते, आणि असे झाल्यास संकोच न करता सांगावे. प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडा या गोळीने जवळजवळ निम्मा दिसतो, म्हणून तपासणाऱ्याला तशी वर्दी द्यावी. घरात गर्भवती असेल तर तुटलेल्या गोळीला तिने हात लावू नये.

केसांचे प्रत्यारोपण म्हणजे मागच्या वाफ्यातील रोपे पुढच्या वाफ्यात लावणे होय; एकूण पीक वाढत नाही, आणि उरलेल्या केसांसाठी औषध चालूच ठेवावे लागते. विशीतल्या तरुणांनी त्याची घाई करू नये, आणि ते प्रशिक्षित डॉक्टरकडूनच करून घ्यावे.

नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई. तिच्यावर लसूण चोळून कातडी भाजून घेणारे रुग्ण पाहून मला फार वाईट वाटते, कारण चट्ट्यात स्टेरॉइडची बारीक इंजेक्शने दिली असता बहुतेकांचे केस परत येतात, आणि लहान चट्टे कित्येकदा आपणहून भरतात.

परंतु जेथे केस गेले तेथे आग होते, पू येतो, किंवा कातडी चकचकीत होऊन रोमकूपांची छिद्रेच दिसेनाशी होतात, तेथे मुळीच हयगय करू नये. नष्ट झालेला रोमकूप कोणतेही औषध परत आणीत नाही, म्हणून कातडीचा सूक्ष्म तुकडा तपासून तातडीने उपचार सुरू करावे लागतात. तसेच लहान मुलाच्या डोक्यावर कोंडा धरलेला चट्टा व त्यात तुटलेल्या केसांची खुंटे दिसली तर तो बहुधा नायटा असतो. नुसते मलम मुळापर्यंत पोचत नसल्याने त्याला कित्येक आठवडे पोटातून औषध द्यावे लागते, आणि घरातील इतर मुलांची डोकीही त्याच दिवशी तपासून त्यांच्या फण्या व टोप्या वेगळ्या कराव्यात.