आय-७ नावाचे दोन प्रोसेसर

डब्यावर ‘आय-७’ दिसले की लॅपटॉप काय आणि टेबलावरचा संगणक काय, ताकद एकच असे आपले अनेक व्यापारी बांधव समजतात. तसे नाही. इंटेलचे २०२२ सालचे दोन प्रोसेसर पाहा. टेबलावरच्या संगणकाचा आय-७ १२७०० हा मूळ ६५ वॅटचा, त्यात दमदार कोअर ८. लॅपटॉपचा आय-७ १२५५यू मूळ १५ वॅटचा, दमदार कोअर अवघे २. लॅपटॉपला बॅटरी पुरवायची असते आणि त्याच्या पातळ अंगात मोठा पंखा मावत नाही. म्हणून तो थोडा वेळ जोरात धावतो, आणि तापला की वेग आपणच कमी करतो. रत्नागिरीच्या मे महिन्यात, म्हणजे ऐन आंब्याच्या हंगामात, तो लवकर तापणारच.

बिले आणि हिशेब यांना ‘यू’ पुरेसा आहे; वीज गेली तरी काम अडत नाही, टेबलावरच्याला यूपीएस लागतो. लग्नपत्रिका, फ्लेक्स, व्हिडिओ करणाऱ्या कारागिरांनी मात्र टेबलावरचाच घ्यावा. लॅपटॉपच हवा असेल तर क्रमांकाअखेर ‘एच’ असलेला पाहावा. लॅपटॉपचा प्रोसेसर बहुधा बोर्डाला सोल्डर केलेला असतो, पुढे बदलता येत नाही. तेव्हा पूर्ण क्रमांक बिलावर लिहून घ्या.