थांबलेले संधान आणि प्रथिनांचा वारसा

आसवारिष्टांचे संधान करणाऱ्या वैद्यांस व औषधशाळाचालकांस एक अनुभव नवा नाही. पात्रातील बुडबुडे अवेळी थांबतात, गोडी शिल्लक राहते, मद्यांश वाढत नाही आणि पुढे द्रवास आंबटपणा येऊन त्याचे शुक्त होते. तपमान, गुळाचे अधिक प्रमाण, धायटीच्या फुलांचा जुनेपणा ही कारणे आपण प्रथम पाहतो व बहुतेक वेळा दोष तेथेच सापडतो. परंतु सर्व यथायोग्य असूनही एकामागून एक बॅच अशीच अडू लागली, तर किण्वाकडेच संशयाने पाहावे लागते. हा संशय शास्त्रीय दृष्ट्या का योग्य ठरतो, ते प्रस्तुत लेखात पाहू.

संधान घडविणारा यीस्ट हा एकपेशीय जीव. त्याचे गुण जनुकांद्वारे पुढील पिढीत जातात, हे सर्वांस ठाऊक आहे. 1965 साली ब्रायन कॉक्स यांना यीस्टमध्ये एक गुण असा आढळला की, तो मेंडेलच्या नियमांस जुमानीत नव्हता. त्यास 'पीएसआय-प्लस' असे नाव मिळाले. जनुकाचा भेद असता तर चार बीजाणूंपैकी दोघांतच तो उतरला असता. येथे तो चारही बीजाणूंत उतरे. या कोड्याचे उत्तर 1994 साली अमेरिकेतील रीड विकनर यांनी सुचविले. या प्रकारच्या गुणांचे वाहक जनुक नसून प्रथिन आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. एखादे प्रथिन आपली नेहमीची घडी सोडून वेगळी घडी धारण करते, आपल्या जातीच्या इतर रेणूंस तीच घडी घ्यावयास लावते आणि मुकुलनाच्या वेळी पेशीद्रवाबरोबर कन्यापेशीत जाते. विरजणाचा थेंब सगळ्या दुधाचे दही करतो, तसेच काहीसे. मात्र विरजणात जिवंत जंतू असतात, येथे केवळ प्रथिनाचा आकार पसरतो. अशा प्रथिनांस 'प्रियॉन' म्हणतात. हा शब्द स्टॅन्ली प्रुसिनर यांनी 1982 साली मेंदूच्या रोगासंदर्भात योजला होता. त्यावरून रुग्णांनी धास्ती घेण्याचे कारण नाही, यीस्टमधील प्रियॉन हे वेगळ्याच प्रथिनांचे आहेत.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो 'गार-प्लस' हा प्रियॉन. सामान्य यीस्ट ग्लुकोज असेपर्यंत इतर शर्करांकडे वळत नाही. ग्लुकोजचे झपाट्याने मद्य करतो. गार-प्लस धारण केलेला यीस्ट हे बंधन सोडतो, निरनिराळी द्रव्ये एकाच वेळी खातो व मद्य कमी करतो. 2014 साली डॅनियल जारोझ, सुसान लिंडक्विस्ट व सहकाऱ्यांनी दाखविले की, अडलेल्या द्राक्षमद्यात सापडणारे जिवाणू रासायनिक संकेताने यीस्टमध्ये हा बदल घडवितात. मद्यांश कमी राहिला की जिवाणूंचे फावते आणि यीस्टलाही इतर आहार खुला होतो. 2016 साली त्यातील एक संकेत साध्या लॅक्टिक आम्लाचा निघाला. जिवाणू नाहीसे झाल्यावरही हा बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

हे प्रयोग द्राक्षरसावरील आहेत. दशमूलारिष्टाच्या क्वाथास ते जसेच्या तसे लागू करणे घाईचे होईल. तरीही आपल्याकडे धोक्याची जागा स्पष्ट दिसते, ती म्हणजे मागील पात्राचा गाळ सुराबीज म्हणून पुढे घालण्याची प्रथा. चांगल्या पात्राचा गाळ चांगला गुण नेतो, तसा अडलेल्या पात्राचा गाळ जिवाणूही नेतो आणि त्यांनी बदललेला यीस्टही. पात्र धुतले, धूपन केले, तरी बीजच बदललेले असेल तर उपयोग काय? अडलेल्या पात्रातील गाळ पुढे मुळीच वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट जागेची. कॉटन ग्रीन, काळाचौकी, लालबाग अशा दाट वस्तीत औषधशाळेस मोठी जागा मिळणे कठीण. एकाच गाळ्यात तक्रारिष्ट किंवा कांजी आणि शेजारी द्राक्षासव असा प्रसंग सहज येतो. तक्र व कांजी ही लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंची घरेच होत. यांची पात्रे, ढवळण्याचे दांडे व गाळण्याची फडकी निराळी ठेवावीत आणि जमल्यास संधानाचे दिवसही वेगळे ठेवावेत.

संशय पक्का करावयाचा असल्यास सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक सोपी परीक्षा होऊ शकते. ग्लिसरॉल हेच अन्न असलेल्या माध्यमात थोडे ग्लुकोसामाइन घालतात. सामान्य यीस्ट त्यास ग्लुकोज समजून ग्लिसरॉल सोडतो व वाढत नाही. गार-प्लस यीस्टच्या वसाहती मात्र त्यावर उगवतात. नमुना पात्राच्या तळाचा घ्यावा आणि त्याबरोबर एखाद्या नीट उतरलेल्या पात्राचाही द्यावा.