सातबारा वाचायला शिकूया

मुलांनो, आपल्या मानकोलीच्या आसपास पूर्वी भातशेती होती. आता हायवेलगत गोदामे उभी राहिली. 2024 साली डोंबिवलीला जोडणारा मोठागाव-मानकोली पूलही सुरू झाला. जमिनीला भाव आला. म्हणून घरात नेहमी कानावर पडणारा एक शब्द आज समजून घेऊ. तो म्हणजे सातबारा.

महसुली दप्तरात 'गाव नमुने' असतात. नमुना 7 मध्ये जमीन कोणाची, किती आणि तिच्यावर बोजा कोणता हे लिहितात. नमुना 12 मध्ये पीक कोणते ते लिहितात. दोन्ही एका कागदावर, म्हणून नाव पडले 7/12.

पूर्वी तलाठी हा उतारा हाताने लिहून देत. माझे वडील लावणी टाकून त्यासाठी दोन-दोन खेपा घालीत. पुढे नोंदी संगणकात गेल्या. 1 मे 2018 रोजी राज्य सरकारने डिजिटल सहीचा सातबारा सुरू केला. जिल्हा, तालुका, गाव व सर्व्हे नंबर निवडून 15 रुपये भरले की तो मिळतो. शाईची सही लागत नाही. फुकट दिसतो तो उतारा मात्र नुसता पाहण्यापुरता, बरं का!

पण संगणक खरेखोटे ठरवत नाही. दप्तरात असेल तेच तो दाखवतो. मी आमचा उतारा काढला. आजोबांच्या पश्चात त्यावर वडिलांचे व काकांचे नाव लागले होते, आत्याचे नव्हते. आत्या म्हणाली, "जाऊ दे रे, माझं लग्न झालंय ना!" पण वारसाहक्क लग्नाने जात नाही. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली बदल झाला आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच ठरला. वडिलांनी स्वतः अर्ज केला. फेरफाराची नोटीस निघाली. हरकतीसाठी 15 दिवस असतात. कोणी हरकत घेतली नाही. मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. आज उताऱ्यावर तिघांची नावे आहेत.

तेव्हा उतारा झटपट मिळतो ही सोय झाली. तो वाचणे हे आपले काम.

स्वाध्याय
1. 1 हेक्टर म्हणजे 100 आर. तर 0.35 हेक्टर म्हणजे किती आर?
2. घरच्या सातबारावरची नावे मोठ्यांना वाचून दाखवा.
3. त्यात आजी, आई, आत्या यांपैकी कोणाचे नाव आहे? नसल्यास का नाही, ते विचारा.