विजेचा हिशेब

(छोट्या उद्योगात नफा थोडा असतो आणि खर्च अनेक असतात. त्यांपैकी विजेचा खर्च आपण काही प्रमाणात कमी करू शकतो. तो कसा कमी करावा, हे यंत्रमागाच्या उदाहरणाने या पाठात समजावून सांगितले आहे.)



तुम्ही मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजी येथे राहत असाल, तर यंत्रमागाची खटखट तुमच्या चांगल्या ओळखीची असेल. तुमच्यापैकी कोणाचे अब्बा मागावर काम करत असतील, तर कोणाच्या चाचांचे स्वतःचे आठ-दहा माग असतील. महिना संपला की कारखान्यात वीजबिल येते. बिल मराठीत असते. घरातील मोठी माणसे ते तुमच्या हातात देतात आणि म्हणतात, “जरा वाच बरं, या वेळी इतकं कसं आलं?”

तुम्ही आकडा वाचून दाखवता आणि घर क्षणभर गप्प होते. या गप्प होण्यामागे काय आहे, ते आधी समजून घेऊ.

लहान यंत्रमागधारक बहुधा व्यापाऱ्याकडून सूत घेतो, कापड विणून देतो आणि मीटरप्रमाणे मजुरी घेतो. सुताचा भाव बाजार ठरवतो. मजुरीचा दर व्यापाऱ्याशी बोलून ठरतो. कारागिराचा पगार तर द्यावाच लागतो. यांपैकी बहुतेक गोष्टी मालकाच्या हातात नसतात. विजेचा दरही त्याच्या हातात नसतो. पण किती वीज जळते, हे मात्र पुष्कळसे त्याच्या हातात असते. म्हणून मंदीच्या दिवसांत माग चालू ठेवायचा की भंगारात काढायचा, हा प्रश्न कधी कधी या एका खर्चावर येऊन ठेपतो.

“आम्हांला सरकारकडून दरात सवलत मिळते, मग बचत कशाला?” असे काही जण विचारतात. सवलतीमुळे एका युनिटचा दर कमी होतो. परंतु वाया जाणारी युनिटे कमी होत नाहीत. फुटक्या माठात स्वस्तातले पाणी भरले, तरी ते गळणारच.

आता प्रथम युनिट म्हणजे काय ते पाहू. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. उपकरणाचे वॅट आणि चालण्याचे तास यांचा गुणाकार करा व त्याला १००० ने भागा, युनिटे मिळतात. हे गणित तुम्ही सहज करू शकता.

समजा, एका कारखान्यात २४ माग आहेत आणि प्रत्येक मागावर एक जुनी ट्यूबलाइट आहे. ट्यूब ४० वॅटची आणि तिचा जुन्या पद्धतीचा चोक सुमारे १२ वॅट घेतो. एकूण झाले ५२ वॅट. त्या जागी २० वॅटची चांगली एलईडी ट्यूब लावली, तर एका मागावर ३२ वॅट वाचतात. २४ मागांवर ७६८ वॅट. कारखाना रोज २० तास आणि महिन्याला २६ दिवस चालत असेल, तर महिन्याला जवळजवळ ४०० युनिटे वाचली! कापड एक वीतही कमी विणले गेले नाही आणि उजेडही तेवढाच राहिला.

“पण नव्या ट्यूबला पैसे लागतात ना?” हा प्रश्न योग्य आहे. त्याचाही हिशेब करावा. समजा, ट्यूब २५० रुपयांची आहे आणि युनिटचा दर ५ रुपये आहे. एका ट्यूबमागे महिन्याला साडेसोळा युनिटे, म्हणजे सुमारे ८३ रुपये वाचतात. तीन महिन्यांत ट्यूबची किंमत वसूल होते. त्यानंतरची बचत मालकाची. कोणतीही नवी वस्तू घेण्यापूर्वी ‘किंमत किती महिन्यांत वसूल होईल?’ हा प्रश्न विचारण्याची सवय धंद्यात फार उपयोगी पडते.

दिव्यांपेक्षा जास्त वीज मोटारी खातात. मोटार जेवढी वीज घेते, तेवढे सर्व काम ती देत नाही. काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. चालू मोटार गरम लागते, ती यामुळेच. १०० युनिटे घेऊन ७० युनिटांचे काम देणाऱ्या मोटारीची कार्यक्षमता ७० टक्के. तेच काम ८० टक्के कार्यक्षमतेची मोटार साडेसत्त्याऐंशी युनिटांत करते. म्हणजे प्रत्येक शंभरामागे साडेबारा युनिटे वाचली. जळालेली मोटार पुन्हा पुन्हा रिवाइंड केली आणि काम नीट झाले नाही, तर तिची कार्यक्षमता आणखी घटते. सगळ्या मोटारी एकदम बदलणे लहान मालकाला परवडत नाही. म्हणून जी मोटार जळेल, तिच्या जागी चांगली मोटार बसवावी.

काही उपायांना मात्र पैसा जवळजवळ लागतच नाही, लक्ष लागते. मोटारीवर सुताचे तंतू साचले की तिची उष्णता बाहेर पडत नाही आणि आगीचीही भीती असते. म्हणून ती नियमित झाडावी. ट्यूबवरची धूळ पुसावी; उजेड वाढतो. पट्टा सैल असेल तर तो घसरतो आणि वीज फुकट जाते. वेळेवर तेल घातले नाही, तर घर्षण वाढते. भिंतींना चुना द्यावा. छतात काही पारदर्शक पत्रे बसवले, तर दिवसा बरेच दिवे बंद ठेवता येतात. साध्या मागाचा दांडा ओढून माग थांबवला, तरी मोटार बहुधा फिरतच राहते. धागा जोडायला दोन मिनिटे लागणार असतील तर हरकत नाही. पण काम लांबणार असेल, तर मोटारीचे बटण बंद करावे.

यंत्रमागाला जोडून सायझिंगचा उद्योग असतो. तेथे ताण्याच्या सुताला खळ देतात आणि वाफेवर ते वाळवतात. वाफ थंड झाली की तिचे गरम पाणी होते. हे पाणी गटारात सोडण्याऐवजी बॉयलरच्या टाकीत परत आणावे. बॉयलरला जाणारे पाणी ६ अंश सेल्सिअसने जास्त गरम असेल, तर सुमारे एक टक्का इंधन वाचते. वाफेच्या नळ्यांवर उष्णता धरून ठेवणारे आवरणही हवे.

मित्रांनो, येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. एका मालकाने बचतीसाठी कारागिरांचे पंखे बंद केले, असे समजा. ही बचत झाली का? नाही. उन्हाळ्यात बंद शेडमध्ये घामाघूम झालेल्या माणसाचे लक्ष उडते, धागा तुटलेला दिसत नाही, कापडात दोष राहतो. कारागिराला विणलेल्या कापडावर मजुरी मिळते. त्याचेही नुकसान आणि मालकाचेही. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो. नव्या पद्धतीचा बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. पंखा बदलणे ही बचत. पंखा बंद करणे हा अन्याय.

उर्दूत आपण ‘इसराफ’ म्हणतो, त्याला मराठीत ‘अपव्यय’ म्हणतात. ‘बुख्ल’ म्हणजे ‘कंजूषपणा’. या दोहोंच्या मधली वाट म्हणजे ‘किफायत’. तिलाच मराठीत ‘काटकसर’ असा सुंदर शब्द आहे. वजू करताना पाणी गरजेपुरतेच घ्यावे, असे वडीलधारी मंडळी आपल्याला लहानपणापासून सांगतात. विजेलाही तोच नियम लावायचा आहे.

आपल्या देशात ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ साली झाला. त्यानुसार २००२ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो ही संस्था स्थापन झाली. पंखा किंवा फ्रिजवर दिसणारी ताऱ्यांची चिठ्ठी याच संस्थेच्या योजनेतली आहे. एकाच प्रकारच्या वस्तूंमध्ये जिला तारे जास्त, ती वीज कमी खाते. महाराष्ट्रात ‘महाऊर्जा’ ही संस्था हे काम पाहते. दरवर्षी १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन म्हणून पाळला जातो.

पुढच्या महिन्यात बिल तुमच्या हातात येईल, तेव्हा केवळ शेवटचा आकडा वाचू नका. ‘मागील रीडिंग’, ‘चालू रीडिंग’ आणि ‘एकूण वापर’ हे शब्द शोधा. गेल्या महिन्याची युनिटे आणि या महिन्याची युनिटे वहीत शेजारी शेजारी लिहा. माग तेवढेच चालले असतील आणि युनिटे कमी झाली असतील, तर त्या दिवशी घर गप्प राहणार नाही.

शब्दार्थ

कार्यक्षमता – घेतलेल्या शक्तीतून उपयोगी काम देण्याचे प्रमाण
अपव्यय – गरज नसताना केलेला खर्च
खळ – सुताला बळकटी देण्यासाठी लावतात ती पेज
ताणा – कापडातील उभे धागे
संवर्धन – जपणूक, सांभाळ

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एक युनिट वीज केव्हा खर्च होते?
(आ) चालू मोटार गरम का लागते?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) विजेच्या दरात सवलत असूनही बचत का करावी?
(आ) ‘पंखा बदलणे ही बचत, पंखा बंद करणे हा अन्याय,’ असे लेखक का म्हणतात?

३. वाक्यात उपयोग करा : परवडणे, वसूल होणे, फुकट जाणे.

४. उपक्रम : घरातील किंवा जवळच्या एखाद्या दुकानातील, बेकरीतील किंवा कारखान्यातील दिवे व पंखे मोजा. त्यांचे वॅट आणि तास विचारून महिन्याची युनिटे काढा आणि वर्गात वाचून दाखवा.